फार लवकर दिलेली उत्तरं

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पुढची शाळा गावात नव्हती, आणि असती तरी मला पाठवलं नसतं, त्यामुळं त्याचं रडगाणं गात नाही. पण त्या चार वर्षांत गुरुजींनी पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे असे घोटून घेतले, की आज सत्तरी उलटली तरी ते आपोआप तोंडात येतात. लग्न होऊन हुपरीला आले. घरातच चांदीच्या पैंजणांचं काम होतं. एवढ्या जोडांना किती घुंगरू लागतील, हे मान वर न करता सांगावं लागायचं. जरा अडखळलं की सासू म्हणायची, "झोपलीस काय?"

आता मी मुलाकडं कसबा बावड्यात राहते. हुपरीहून थोडं काम अजून येतं, ते हातावेगळं करता करता नातीला पाढे विचारते. ती चौथीत आहे. माझा नियम एकच, हातातल्या पैंजणाची कडी बसायच्या आत उत्तर आलं पाहिजे.

तिच्या शाळेत टॅब आले तेव्हा पालकांची सभा झाली. सून कामावर होती, म्हणून मी गेले. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "थोड्या वर्षांत कुठल्या मुलाला काय शिकवायचं, हे टॅबच ठरवेल."

मी विचारलं, "मग तुम्ही काय ठरवणार?"

सगळे हसले. मी हसवण्यासाठी विचारलं नव्हतं.

दिवाळीनंतर शिष्यवृत्तीच्या जादा वर्गासाठी टॅबवर परीक्षा झाली. नात घरी आली ती चपला न काढताच उंबऱ्यात बसली.

"आज्जी, मला लाल ठिपका आलाय."

"कशाचा?"

"न वाचता दाबलं म्हणून. यादीत माझं नाव न्हाय."

सून म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी कशाला? दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले.

बाईंनी मला टॅब दाखवला. वीस प्रश्न, अठरा बरोबर. पण उत्तरं इतकी लवकर दिली होती, की पोरगी नुसते अंदाज मारते असं टॅबनं धरलं होतं.

"अंदाजानं अठरा बरोबर येतात व्हय ओ बाई?"

"आजी, मला पटतंय. पण यादी टॅबच काढतो."

"मग तुम्ही विचारा की तिला. माझ्यादेखत."

नातीला बोलावलं. बाई म्हणाल्या, "एका पेटीत दीड किलो द्राक्षं, तर चोवीस पेट्यांत..."

"छत्तीस."

बाईंनी आणखी चार विचारले. चारही बरोबर आले. मग बाई मला समजावायला लागल्या, "असं करूया. पुढच्या वेळी उत्तर आलं तरी तिनं मनात दहा मोजायचे आणि मगच दाबायचं."

तिथं माझं डोकं फिरलं. "सासूनं मला झोपू दिलं न्हाय, आणि मी नातीला झोपायला शिकवू? तुमच्या टॅबला दम लागतोय, तर त्याला सांगा पळायला."

आवाज ऐकून मुख्याध्यापक बाहेर आले. भला माणूस, पण तोही टॅबच्याच बाजूनं बोलला, "आजी, यंत्र सगळ्यांना सारखंच मोजतं."

मी त्यांना सांगितलं, की यंत्र मला नवं नाही. हुपरीत आम्ही हातानं कड्या जोडायचो, तिथं साखळी विणायचं यंत्र आलं. आम्ही ते घेतलं, त्याला हार घातला. पण त्यातून निघालेली प्रत्येक साखळी चिमटीतून ओढून बघितल्याशिवाय पुढं जाऊ दिली नाही. एखादी कडी उघडी राहिली तर ती बोटालाच लागते, यंत्राला कळत नाही. "तुम्ही यादी चिमटीतून ओढलीच न्हाय. तशीच भिंतीवर लावलीसा," मी म्हणाले.

मग सरांनी लाल ठिपक्याची चारही पोरं आपल्या खोलीत बसवली आणि कागदावर नवे वीस प्रश्न दिले. मी बाहेर बाकावर बसून राहिले. दोघं खरंच अंदाज मारणारे निघाले. तेवढ्यापुरता टॅब बरोबर होता, ते मी नाकारत नाही. नातीची या वेळीही अठराच उत्तरं बरोबर आली. दोन चुकली, कारण "किती उरले" विचारलं होतं आणि हिनं किती गेले ते लिहिलं. ती चूक माझी. प्रश्न पुरा ऐकायला मी तिला कधी शिकवलंच नव्हतं. घरी आल्यावर नियम बदलला. आता प्रश्न संपेपर्यंत तोंड बंद, पण त्यानंतर कडी बसायच्या आत उत्तर.

सरांनी भिंतीवरच्या छापील यादीखाली पेनानं दोन नावं लिहिली आणि सही केली. त्यातलं एक नातीचं. जादा वर्ग सुरू झाला, ती जाते. टॅबमधला तिच्या नावापुढचा लाल ठिपका मात्र अजून कुणाला काढता आलेला नाही.

परवा तिनं विचारलं, "आज्जी, माझा लाल ठिपका कधी जाणार गं?"

"असू दे की. तुला तिथं कुठं बसायचं हाय? वर्गात जागा मिळाली न्हवं?"

"व्हय."

"मग सोळा सव्वे किती, ते सांग."