काकांची भिंत

आमचे काका शिंपी. उतारावरचा प्लॉट स्वस्तात मिळाला म्हणून हुरळून गेले. टेबलावर कापड मोजावं तशी त्यांनी जमीन मोजली आणि विटा-सिमेंटपासून पडद्यांपर्यंत सगळा हिशेब मांडला. उतार तेवढा धरायचा राहिला! सपाटीसाठी टेकाड कापल्यावर गवंडी म्हणाला, "आधी ही माती थोपवणारी भिंत बांधा, नाहीतर वरच्या शेजाऱ्याचं घर खाली येईल."

त्या भिंतीनं काकूच्या बांगड्यांसकट सगळं गिळलं. घर उभं राहिलंच नाही; काकू स्वयंपाकाच्या ओट्याची जागा ठरवता ठरवताच गेली.

काका आता त्याच शेजाऱ्याकडे भाड्यानं राहतात. परवा त्यानं भाडं वाढवलं. म्हणाला, "काका, भिंत झाल्यापासून घराला किंमत आलीय."