चाराचा आठ

साहेबांनी माझी वही चिमट्यानं उचलली. प्रयोगशाळेत तापलेली भांडी उचलायचा चिमटा. चौघांदेखत. टेबलावर आपटली आणि म्हणाले, "हे काय गिचमिड करून ठेवलंयस?"

गिचमिड नव्हती. मराठी आकडे होते. पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात मी मदतनीस होतो. बाटलीतल्या औषधाचा जोर किती आठवडे टिकतो, ते मोजून लिहायचो. गावच्या शाळेत पोरांपासून लांब, व्हरांड्यात बसून जे आकडे गिरवले, त्यांचंच हाताला वळण. माझं उत्तर होतं ४. साहेबांचा या औषधावरचा लेख टाइप करताना मद्रासकडच्या टायपिस्टला तो उघड्या वहीत लांबून इंग्रजी आठ वाटला. साहेब पुण्याचे, त्यांना मराठी आकडा कळला असता. पण माझ्या वहीला हात कोण लावणार? वहीशी ताडून न पाहताच त्यांनी तो लेख शास्त्रीय मासिकाला धाडला. औषध आठ आठवडे टिकतं म्हणून वरिष्ठांकडून शाबासकीही घेतली.

छापण्याआधीचं प्रूफ आलं, तेव्हा चूक मला दिसली. त्या मासिकाच्या मागच्या पानावर लेखकांसाठी नियम असायचे. शब्दकोश घेऊन मी ते वाचले होते. प्रत्येक आकडा मूळ नोंदीशी ताडून पाहावा, चूक दिसली तर संपादकांना कळवावं. जात विचारणारा एकही नियम नव्हता. वाचून मला रडू आलं होतं.

म्हणूनच त्या दिवशी वही साहेबांपुढे ठेवली होती. मी म्हणालो, "साहेब, आकडा चार हाय."

"ते पान फाड. नव्यावर इंग्रजीत आठ लिही, खाली सही कर. तुमच्या सात पिढ्यांनी पाटी पाहिली होती का रे?"

सांगवीला घरी गेलो. बापानं सगळं ऐकलं, मान खाली घातली. "कर बाबा सही. नोकरी हाय ती." जन्मभर अंगठा देत आलेला माणूस. राग नाही आला त्याचा. काळीज तुटलं.

पण खेड्यातल्या दवाखान्यात औषध पोचेस्तोवर महिना उलटतो. पाचव्या आठवड्याला त्यात जोर नसतो. आणि ते टोचून घेणारी आमचीच माणसं.

मी सही केली नाही. संपादकांना पत्र लिहिलं, खाली आडनावासकट नाव घातलं. पोस्टात टाकून आलो आणि साहेबांना तोंडावर सांगितलं. त्याच दुपारी मला गेटाबाहेर काढलं.

उत्तर आलं नाही. लेख आठावरच छापला गेला. मी पुन्हा पत्र लिहिलं. पुन्हा लिहीन. तो आकडा मी मोजलाय. कुणाच्या बापाला बदलू देणार नाही.