सोपानअण्णांच्या अंगावर बसलो तेव्हा

सोपानअण्णा गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी घोटावड्यात एका रेड्याच्या वजनाबद्दल थापा मारत होतो. मी सांगेन त्यातलं निम्मं सोडून द्यावं, हे आमच्या मुळशीत शेंबडं पोरही सांगेल. पण आजचं एक अक्षर सोडू नका.

अण्णा माझे शेजारी. तरुणपणी बांधावर बोलाचाली झाली आणि त्यांनी चुलतभावाला कोयत्यानं तोडलं. शिक्षा भोगून बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे परतले. गावाकडं कारणं तयारच होती : रक्त तापट, आईविना वाढला, लहानपणी डोक्यात बैलाची लाथ बसली. (बैल मी घातला, मुळात शेळी होती.) तुरुंगातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरनं विचारलं होतं, बाप मारायचा का? अण्णा सांगत, “मी म्हनलं, व्हय सायेब, लई मारायचा. पर धाकल्यालाबी तेवढंच मारायचा. त्यो तर कोंबडीसुदीक कापत न्हाई!”

“मग का केलंत, अण्णा?” मी एकदाच विचारलं.

“त्येच तर गावंना, बबन. गवत कापत हुतो. त्यानं शिवी दिली. रोजच द्यायचा. त्या दिशी हात उठला… का उठला त्ये कळंना, म्हंजी पुन्यांदा कवा उठंल त्येबी कळायचं न्हाई.”

एकदा पौडच्या एसटी स्टँडवर एका टग्यानं “ए खुन्या, सरक तिकडं!” म्हणत त्यांची टोपी उडवली. अण्णा हात पोटाखाली दाबून धुळीत पालथे पडले आणि ओरडले, “बबन, बस माज्यावर! बस लौकर!” मी अडीच मणांचा ऐवज, बसलो. सारं स्टँड खिदळलं. कुणीतरी विचारलं, “तिकीट काढलं का रं?” मीही हसलो असतो… पण खाली तो माणूस असा कापत होता, की माझे दात वाजायला लागले.

“गेला का त्यो?”

“गेला, अण्णा.”

“मी कायी क्येलं न्हाई नव्हं?”

“न्हाई.”

तरी मला उठू देईनात.

घोटावड्याहून पोचलो तर तिरडी बांधणं चाललेलं. सुतळी तोडायला कुणीतरी कोयता मागितला. घरभर शोधला. कोयता नाही, विळी नाही, दाढीचं पातंसुद्धा नाही. अण्णांची बायको, आमच्या काकू, तोंडाला पदर लावून म्हणाल्या, “आमच्यात न्हाई ठिवत. शेत त्येच्यापायीच वाट्यानं दिलं. भाजी मी तुज्या बायकूकडनं चिरून आनती, तुला ठावं न्हाई व्हय?”

मी घरी पळालो. दाराआड माझा कोयता टांगलेला होता, धार लावलेला. हात पुढं केला… आणि तसाच राहिला. शेवटी बायकोला हाक मारली, “तेवढा कोयता तू घेऊन चल गं.”

“का वो? तुमचा हात मोडलाय?”

मी दोन्ही हात काखेत दाबले आणि तिच्या मागून चालू लागलो.