नावं ठेवून घेणाऱ्या मॅडम

"ही बाई पोरांना उलटं बोलायला शिकवते म्हणे," व्हरांड्यात एक शिक्षिका दुसरीला सांगत होती.

आत, पहिलीच्या बाकड्यावर कशाबशा मावलेल्या मॅडम आठवीतल्या एका मुलाला विचारत होत्या, "चल, सांग. माझ्यात काय वाईट आहे?"

"सच में बोलूँ?"

"सच में."

"आप बहुत मोटी हो."

"शाबास. और?"

मॅडमचा विषय होता मुलांच्या भावना. दहा ते पंधरा या वयात राग, लाज, भीती यांना शब्द कसे फुटतात, ते त्या बघायच्या. मी त्यांची मदतनीस, कागद भरणारी. आम्ही रांझी या हिंदी मुलखातल्या कारखाना-वस्तीतल्या शाळांमध्ये बसनं जायचो. इतर संशोधक मुलांना आधी चॉकलेट देतात. मॅडम आधी स्वतःला नावं ठेवून घ्यायच्या. "मोठ्या माणसाला तोंडावर वाईट म्हणता आलं, की पोर खरं बोलते. नाही तर सारे 'मी खूश आहे' म्हणून मोकळे!"

त्यांच्याकडे चेहऱ्यांची छापील कार्डं होती, सगळी गोरी, गुबगुबीत मुलं. दुःखी चेहरा बघून एक पोरगा म्हणाला, "याचं पोट बिघडलं." मॅडमनी गंभीरपणे मान हलवली. "बरोबर. दुःखच आहे ते."

क्वार्टरमधल्या आया मुलांऐवजी स्वतःच उत्तरं द्यायच्या. "आमच्या बबलूला राग येतच नाही जी," एक जण कौतुकानं म्हणाली. मॅडम म्हणाल्या, "अच्छा? मग भूक तरी लागते ना, ताई?"

मलाही त्यांनी सोडलं नाही. "काहून, तू नाही सांगत माझ्यात काय वाईट आहे?"

मी इंग्रजी शाळेत 'यस मॅम' शिकलेली. घरची मराठी मला कळते, तोंडातून निघत नाही. मनात यादी तयार होती: पदराला हात पुसतात, बस चुकवतात, न विचारता माझा डबा उघडतात. म्हटलं, "काहीच नाही."

"खोटारडी," म्हणाल्या आणि माझा डबा उघडला.

'मोटी' म्हणणाऱ्या मुलाच्याच शाळेत आठवीत एक मुलगी होती. वर्गात तोंडच उघडायची नाही. तिला काही समजत नाही असा शेरा मारून तिला काढायचं शाळेनं जवळपास ठरवलं होतं. शाळेनं काढलं, की बाप तिला कुंडमला, गावी आजीकडे पाठवणार होता. म्हणजे शिक्षण बंद. तीनदा आम्ही तिच्यासमोर बसलो. तीनदा माझा कागद कोरा. चौथ्या खेपेला मॅडमनी तोच प्रश्न विचारला, तर ती हळूच म्हणाली, "तुम्ही फार बोलता."

मॅडम इतक्या हसल्या, की बाकडं करकरलं. "लिही! जसंच्या तसं लिही!" मग ती अर्धा तास थांबलीच नाही. मुख्याध्यापिकाबाई गणिताला स्वतः येतात, उत्तर चुकलं की साऱ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावतात, हेही तिनं सांगितलं. ते लिहायला मॅडमनी मला मनाई केली. "हे तिनं आपल्याला सांगितलं, शाळेला नाही."

मुलीचा निर्णय व्हायचा होता, शाळेनं मॅडमचं मत द्यायला बोलावलं होतं, त्याच सकाळी मॅडमना दवाखान्यात भरती केलं. फोन आला, "मी येऊन नाही राहिली. तू जा."

"मी काय बोलू?"

"मला काय विचारून राहिली? तू पण बसली होती ना तिच्याजवळ."

ऑफिसात मुलीचा बाप खुर्चीच्या कडेवर बसला होता. मुख्याध्यापिका आमच्यातल्याच, मराठी. त्यांनी कागद पुढे सरकवला. "चलो, तुम्हीच सही करा. मुलीला समजत नाही, बोलता येत नाही, असं लिहिलंच आहे. मॅडमचंही हेच मत असेल."

पेन माझ्या हातात दिलं. सही करायला बोलावं लागत नाही, म्हणून मला ती फार सोपी वाटली, हे कबूल करते. बाप माझ्याकडे बघत होता.

मुलगी शाळेतच राहिली, एवढं मॅडमना फोनवर कळवता आलं. काय म्हणालीस, ते भेटल्यावर नीट सांग, म्हणाल्या. दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत. म्हणून तुम्हाला सांगते. मी पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "ती बोलते जी. तुमच्यासमोर बोलत नाही."