कोल्ह्याचा कोट आणि काजवाली

पुरुषांचे कपडे शिवणाऱ्या त्या दुकानात मापं घ्यायचे, कापड बेतायचे आणि गिऱ्हाइकांशी गप्पा हाणायचे ते दीर. मागच्या खोलीत खिडकीपाशी बसून काजं करायची ती त्यांची वहिनी. दोऱ्याला मेण लावायचं, चिरेच्या कडेनं टाका धरायचा, गाठ बसवायची. एकतीस वर्षं हेच. बोलणं बेताचं. गल्लीत सगळे तिला काजवाली म्हणत आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे.

एके सकाळी संग्रहालयातून फोन आला. जुन्या दरोडेखोरांमुळे पुरुषांच्या पोशाखात काय काय बदललं, असं प्रदर्शन भरणार होतं. त्यातला मानाचा कोट होता ‘कोल्हा’ नावानं गाजलेल्या दरोडेखोराचा. त्याची दोन काजं उसवली होती, हातानं सांधणारं माणूस हवं होतं.

दिरांचा आनंद गगनात मावेना. "वहिनी, उमेदीत मी दीडशे तरी ‘कोल्हा कट’ शिवलेत! कमरेत घट्ट, खाली घेर. तो घातला की मरतुकडा माणूससुद्धा मिशीला पीळ द्यायचा. चला, मीही येतो."

संग्रहालयात प्रदर्शनाच्या बाईंनी कोट पांढऱ्या टेबलावर पसरून ठेवला होता. दीर हात मागे बांधून देवदर्शनाला आल्यासारखे उभे राहिले. काजवालीनं हातमोजे चढवले, काजावरून बोट फिरवलं आणि थबकली. मग तिनं अस्तर उलटून छातीपाशी पाहिलं, काखेत पाहिलं.

"बाई, हा कोट पुरुषाचा नाही," ती म्हणाली.

"अहो वहिनी, काहीतरीच काय!" दीर ओरडलेच.

"भाऊजी, पुरुषांची काजं कुठल्या बाजूला असतात?"

"डाव्या."

"आणि ही?"

दिरांनी स्वतःच्या कोटाकडे पाहिलं, टेबलावरच्या कोटाकडे पाहिलं, आणि "उजव्या," असं पुटपुटले.

"काजं मागाहून केलेली नाहीत, मूळचीच आहेत," ती सांगू लागली. "छातीवर चुण्या होत्या, त्या उसवल्यात. सुईची भोकं दिसतात बघा. काखेत पट्टी घालून कोट सैल केलाय. बाईच्या कोटात पुरुष बसवलाय."

प्रदर्शनाच्या बाई खुर्चीत बसल्या आणि दुसऱ्याच क्षणी उठून कागदांच्या खोलीकडे धावल्या. अर्ध्या तासानं त्या एक जुनी पोलिसी नोंद घेऊन आल्या. कोल्हा एकदा बाईच्या वेशात वेढ्यातून निसटला होता. ती नोंद सगळ्यांनी वाचली होती, पण कोटाशी तिचा संबंध कुणी लावला नव्हता.

"म्हणजे अंगावरचा कोट त्याला आवडला, म्हणून त्यानं तो ठेवूनच घेतला असेल," बाई म्हणाल्या. "आणि पोरांनी त्याची नक्कल केली!"

आता दिरांचं काय होतं, या धास्तीनं काजवालीनं हळूच मान वळवली. ते लालबुंद झाले होते. खांदे हलत होते. मग त्यांना असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं.

"अहो, तो आमचा व्यायामशाळेचा मास्तर! मी त्याला दोन ‘कोल्हा कट’ शिवून दिलेत!"

प्रदर्शन उघडलं तेव्हा कोटाशेजारच्या पाटीवर ‘हा कोट बाईचा, हे काज पाहून ओळखलं’ असं लिहून खाली कारागीर म्हणून तिचा उल्लेख होता. माणसं पाटी वाचत आणि पहिल्यांदा आपल्याच कोटाची बटणं चाचपून बघत. एक जाडजूड गृहस्थ घाबऱ्याघुबऱ्या तिच्याकडे आले. "मावशी, माझं बरोबर आहे ना?" तिनं हसत त्यांना बाजू दाखवली. मग दुसरे आले, तिसरे आले. माइक पुढे केला तेव्हा तिनं ‘नको बाई’ म्हणून हात जोडले होते. पण एकेकाला समजावताना ती जी सुटली, ती दार बंद होईपर्यंत थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा घसा पार बसला. दुकानात ती खुणांनीच बोलत होती, आणि दीर येईल त्या गिऱ्हाइकाला तिच्या वतीनं सगळी हकीकत सांगत होते, दर वेळी थोडी आणखी रंगवून.