डावा हात

उपचार संपून दोन वर्षं झाली, तरी डाव्या स्तनातलं दुखणं गेलं नव्हतं. कधी आत सुया टोचल्यासारखं, कधी काखेपासून कोपरापर्यंत कुणी दोरी ताणल्यासारखं. तपासणीला नागपूरला गेले की डॉक्टर विचारत, काही त्रास? मी म्हणे, नाही, ठीक आहे. घरात पुस्तकांची दोन कपाटं असलेली बाई मी, पण मनात एक अडाणी हिशेब पक्का बसला होता: सांगितलं तर तपासतील, आणि तपासलं तर तो आजार परत सापडेल. चैत्रात पुढची तारीख आली, तेव्हा जायचंच नाही असं मी ठरवून टाकलं. कुणाला बोलले नाही.

त्याच आठवड्यात मूल गावाहून जाऊबाई आल्या. मी बरी झाले तर इथल्या महाकालीची जत्रेत ओटी भरायची आणि देवळापुढेच मला हिरव्या बांगड्या भरायच्या, असा नवस त्यांनी परस्पर बोलून ठेवला होता. मी देवाला हात जोडते, पण जत्रेचा थाट मला सोसत नाही. कमानीवर स्वागतोत्सुक पुढाऱ्यांचे छापील चेहरे इतके मोठे, की कोपऱ्यातली देवीच पाहुणी वाटावी. पण केमोच्या दिवसांत जाऊबाईंनी माझं घर सांभाळलं होतं. नाही कसं म्हणणार?

देवळापुढच्या बांगड्यांच्या दुकानात एक वयस्क मुस्लिम बाई होत्या. जाऊबाई त्यांना खाला म्हणत. उजव्या हातात दोन-चारच्या मापाच्या बांगड्या बोलता बोलता चढल्या. मग त्यांनी डावा हात घेतला आणि बोलणं थांबलं. अंगठ्याच्या मुळाशी दाबलं, मनगटाशी दाबलं, चाचपत कोपरापर्यंत गेल्या.

"या हाताले सूज हाय, बाई. कुठून दुखून राह्यलं?"

मी छातीकडे बोट केलं. का केलं, ते आजही सांगता येत नाही.

"डाक्टरले सांगतलं?"

मी मान हलवली. नाही.

"मंग त्याले का सपन पडन?"

जाऊबाई माझा डावा हात निरखू लागल्या. मग, एक हात मोकळा ठेवून देवीपुढं कशी नेऊ हिले, असं काहीतरी पुटपुटल्या. खालांनी उरलेल्या बांगड्याही उजव्याच हातात चढवल्या. "दुखत्या हातात काच नाई भरत मी. अन् माप देवी नाई घेत, मी घेतो."

रांगेत दोन तास गेले. गाभाऱ्यात मिळाले दोन-चार क्षण; स्वयंसेवक पाठीवर हात ठेवून पुढे सारत होता. काही मागायचं नाही असं ठरवून गेले होते. तोंडून एकच शब्द निघाला, "दुखतं." देवीकडून उत्तर आलं नाही. पण दोन वर्षं दातांखाली धरलेलं काहीतरी सुटलं, आणि बाहेर येऊन मी जाऊबाईंना म्हटलं, सोमवारी नागपूरला माझ्यासोबत चला.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. सगळ्या तपासण्या झाल्या. आजार परतला नव्हता. शस्त्रक्रियेत आणि किरणांत दुखावलेल्या नसा असं बराच काळ बोलत राहतात, म्हणाले. गोळी दिली, हाताचे व्यायाम दिले, सुजेसाठी घट्ट बाही दिली. आधीच का नाही सांगितलं, असंही विचारलं. 

दुखणं अजून आहे. कमी झालं, गेलं नाही; हाताची सूज मात्र बरीच उतरली. आता मी ते लपवत नाही, एवढाच फरक, आणि तो मोठा आहे. शरण जाणं म्हणजे डोळे मिटणं असं मला वाटे. मला तर फक्त हात पुढे करायचा होता. गर्दीत वेळ पुरत नाही म्हणून देवीने बाहेर कुणाला बसवलं होतं का, याचं कुतूहल मला आहे; निकाल लावायची घाई नाही.

परवा खालांच्या दुकानात गेले. त्यांनी मला ओळखलं नाही. रोज इतके हात, चेहरे कोण लक्षात ठेवणार? मी डावा हात पुढे केला. त्यांनी अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिलं, मग मान वर केली.

"सांगतलं वाटते."