गल्याथ पडला, तो कुणी पाहिला?

मी काही लिहिणारा माणूस नाही. तरी लिहितोय, त्याची माफी आधीच मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे रेशनच्या अर्जापासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत लिहायचं काहीही निघालं, की ते माझ्याकडे येतं. बाहुलीनाट्यही असंच माझ्याकडे आलं, आणि अप्पांचं वाटोळं झालं.

बसवकल्याणला दर वर्षी आसपासच्या ख्रिस्ती चर्चेसची बाहुलीनाट्य स्पर्धा असते. आमचे अप्पा, म्हणजे वडील, गवंडी. सलग तीन वर्षं त्यांचा दुसरा नंबर. पहिला शहरातल्या मोठ्या चर्चचा. "एकदा तरी पहिला यायचंय," म्हणत यंदा त्यांनी बायबलातला धिप्पाड गल्याथ बनवला. कागदाच्या लगद्याचं डोकं (माझ्या डोक्यापेक्षा मोठं आणि जास्त कामाचं!). उजव्या हातात गल्याथ, डाव्या हातात पोरगेला दावीद. दावीदाच्या गोफणीला दोऱ्यानं बांधलेला कापसाचा दगड. तो नेमका गल्याथाच्या कपाळावर बसावा म्हणून अप्पांनी दोन महिने सराव केला.

आधी शहरवाल्यांचा प्रयोग झाला. त्यांची बाहुली चक्क डोळे मिचकावत होती! मला घाम फुटला. परीक्षकांच्या कागदावर 'भक्तिभाव' असा रकाना होता, तेवढा मला दिसला. मी पडद्यामागे घाईघाईनं लिहायला बसलो.

"काय लिवायलास?" अक्कानं विचारलं. (माझी थोरली बहीण, पडदा ओढायचं काम तिच्याकडे.)

"प्रार्थना. गोफण फिरायच्या टायमाला म्हणतो."

"कामून? चांगलं हाय की!"

"मार्क पडतेत अक्का. तुला न्हाई कळायचं."

(असं मी खरंच म्हणालो.)

नाटक रंगलं. गल्याथ असा गरजला की पहिल्या रांगेतली म्हातारी खुर्चीसकट मागे सरकली. दावीदानं गोफण उचलली आणि मी माईकवर म्हणालो, "आपण सगळे प्रार्थना करूया!"

आमच्या लोकांना एवढंच पुरे. चर्चच्या पाळकांपासून परीक्षकांपर्यंत सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या! मी घाबरून अप्पांकडे पाहिलं. त्यांचेही मिटलेले! पण हात थांबले नव्हते. मिटल्या डोळ्यांनी त्यांनी गोफण गरगर फिरवली, आणि दगड बरोब्बर कपाळावर. गल्याथ क्षणभर थबकला. हात कपाळाकडे नेला. आधी मान कलली, मग खांदे, आणि जुनं कडुलिंबाचं झाड कोसळावं तसा तो सावकाश खाली आला. अंगावर काटा आला माझ्या. पुढची ओळच विसरलो. "हे प्रभू... हे प्रभू..." एवढंच तोंडातून येत राहिलं, आणि आमेन होईपर्यंत डोळे उघडतंय कोण?

"आमेन" म्हणालो, तेव्हा सगळं संपलं होतं.

"अगं बया, ह्यो कवा मेला?" म्हातारी ओरडली.

पडद्यामागे अप्पांनी हळूच विचारलं, "बसला का रं दगड?"

"बसला, अप्पा. कपाळावरच."

"मग टाळी कामून न्हाई वाजली?"

मी खाली वाकून गोफणीचा दोरा गुंडाळायला लागलो.

निकाल पुढच्या रविवारी होता. तोवर मी कलबुर्गीला हॉस्टेलात परतलो होतो. दुपारी अक्काचा फोन आला.

"अप्पाचा नंबर?"

"न्हाई. ह्या टायमाला दुसरा बी न्हाई. पर तुला खास बक्षीस दिलेत. येवढी कळवळून केलेली प्रार्थना कदी ऐकली न्हाई, म्हणले परीक्षक."

त्या अख्ख्या हॉलमध्ये डोळे टक्क उघडे ठेवून प्रार्थना करणारा मी एकटाच होतो!